इंटरफेरॉनच्या रात्रीचा ताप: सुई, गोळी आणि घड्याळ

पहिल्या इंजेक्शनच्या रात्री अडीच वाजता माझे दात इतके वाजायला लागले, की पलीकडच्या खोलीतल्या सासूबाई उठून आल्या. त्यांनी दोन गोधड्या अंगावर घातल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि आल्याचा कडक चहा पाजला. महिना मे, गाव सातारा. पहाटेपर्यंत मी घामानं निथळले. बाथरूमला जायला उठले तर डावा पाय उचलेना. दीड वर्षापूर्वी एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होतं) पहिल्या झटक्यात हाच पाय गेला होता आणि परतही आला होता. घरात रडारड झाली, नवऱ्यानं पुण्याला जायला गाडी काढली. खंबाटकीचा बोगदा मागे पडला तोवर ताप उतरला होता आणि पायही हलायला लागला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "रोग वाढलेला नाही. तुम्ही तापाची तयारी केली नव्हती, एवढंच."

त्याला सात वर्षं झाली. आठवड्याला एक याप्रमाणे साडेतीनशेच्या वर सुया टोचून झाल्या. इतक्या रात्रींत एक गोष्ट पक्की कळली. हा ताप वेळ पाळून येतो, म्हणून त्याला आवरायचं ते वेळ पाळूनच. गोळ्या सगळ्यांकडे असतात, फसगत होते ती त्यांच्या वेळेत.

हे कोणासाठी आहे

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी इंटरफेरॉन बीटा घेणाऱ्यांसाठी. त्यात आठवड्यातून एकदा स्नायूत घ्यायचं ३० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आहे (मी तेच घेते), आठवड्यातून तीनदा कातडीखाली घ्यायचं आहे, एक दिवसाआड घ्यायचं बीटा-१बी आहे आणि दर १४ दिवसांनी घ्यायचं पेगइंटरफेरॉनही आहे. चौघांचं वेळापत्रक वेगळं, पण कणकण सारखीच.

ग्लॅटिरामर हे एमएसचं दुसरं इंजेक्शन घेत असाल तर हा लेख तुमचा नाही. त्यात असा ताप सहसा येत नाही. त्यात कधीकधी सुई टोचल्यावर काही मिनिटांतच चेहरा लाल होतो, छाती भरून येते, धडधडतं आणि थोड्या वेळात सगळं निवळतं. ऑफाट्युमुमॅबमध्ये थंडी-ताप येतो, पण तो बहुतेक पहिल्या इंजेक्शननंतरच्या २४ तासांत. आपण घेतो त्या औषधाचं नाव नीट वाचा. "एमएसचं इंजेक्शन" एवढ्यावर कोणाचा सल्ला घेऊ नका, माझाही नाही.

ताप येतो कशानं

इंटरफेरॉन हा बाहेरचा पदार्थ नाही. विषाणू शिरला की शरीर स्वतःच तो तयार करतं. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी तो शोधला, तो विषाणूंचा अभ्यास करतानाच. फ्लू झाल्यावर अंग मोडून येतं, डोकं दुखतं, हुडहुडी भरते, त्यातला बराचसा प्रताप विषाणूचा नसून शरीराच्या या रसायनांचा असतो. आपण तेच रसायन सिरिंजमधून घेतो. शरीराला वाटतं फ्लू आला आणि मेंदूतलं तापमानाचं बटण वर सरकतं. म्हणून याला फ्लूसारखी लक्षणं म्हणतात. हा खरा फ्लू नाही, घरात कोणाला लागत नाही आणि यावर अँटिबायोटिक चालत नाही. (आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तीन वर्षं मला काढ्याची पाकिटं पुरवली. त्यांचं प्रेम खरं, काढ्याचा उपयोग शून्य.)

साधारण निम्म्या लोकांना हा त्रास होतो. आठवड्याच्या इंजेक्शनच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोकांनी अशी लक्षणं सांगितली, आणि औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्यांपैकी २९ टक्के लोकांनीही सांगितली! म्हणजे प्रत्येक अंगदुखीला इंटरफेरॉनच जबाबदार असेल असं नाही. कमी वजनाच्या आणि तरुण माणसांना त्रास जरा जास्त होतो. बहुतेकांचा पहिल्या दोन-तीन महिन्यांत बराच कमी होतो. माझा अकराव्या आठवड्यापासून उतरला, पूर्ण कधीच गेला नाही.

गोळीच्या आधी वही

पहिले चार-सहा आठवडे एक वही ठेवा. शंभर पानी, साधी असली तरी चालेल. त्यात पाच गोष्टी लिहायच्या: सुई किती वाजता टोचली, गोळी कोणती आणि किती वाजता घेतली, थंडी किती वाजता सुरू झाली, सगळ्यात जास्त ताप किती आणि केव्हा, आणि सकाळी उठल्यावर कसं वाटलं. डिजिटल थर्मामीटर वापरा. हात लावून "अंग गरम लागतंय" ही नोंद नव्हे.

बहुतेकांना इंजेक्शननंतर तीन ते सहा तासांनी कणकण सुरू होते आणि २४ तासांत संपते. पण तुमची वेळ तीनची की सहाची, हे वहीच सांगेल. माझी निघाली पाच तास. हा आकडा हाती आल्यावर माझी मूळ चूक दिसली. मी रात्री नऊला पॅरासिटामॉल घ्यायची, साडेनऊला सुई टोचायची आणि झोपायची. पॅरासिटामॉलचा जोर चार ते सहा तासांचा. म्हणजे अडीच वाजता ताप चढायच्या ऐन वेळी गोळी संपलेली आणि मी झोपेत. पहिले आठ आठवडे मी अशी, आजार नसलेल्या वेळेत औषध घेत होते.

डॉक्टरांना वही दाखवून वेळ बदलली. आता शनिवारी साडेपाचला काहीतरी पोटभर खाते, सहाला पहिली गोळी, सातला सुई, अकराला झोपताना दुसरी गोळी. थंडी बाराला यायची ती दुसऱ्या गोळीच्या ऐन जोरात येते, त्यामुळे बहुतेक रात्री तिची जाग येत नाही. सकाळी सहाला गरज वाटली तर तिसरी, नाहीतर नाही.

तुमची वेळ वेगळी असेल. तीन तासांत थंडी येणाऱ्यांना झोपायच्या आधीची सुई आणि सोबतची गोळीच पुरेशी होते. काहींना सकाळी इंजेक्शन घेऊन जागेपणी त्रास काढणं बरं वाटतं, तेही चालतं. नियम एकच: दुसरी गोळी थंडीच्या अपेक्षित वेळेच्या तासभर आधी पोटात हवी. हुडहुडी भरल्यावर घेतलेली गोळी मागून धावते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सुईची वेळ, गोळी आणि जेवण सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

कोणती गोळी, किती

पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, सहा असले तर उत्तम. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही, आणि पुष्कळ डॉक्टर ३ ग्रॅमवरच थांबवतात. वजन पन्नास किलोच्या आत असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. इंटरफेरॉन स्वतःही लिव्हरची एन्झाइम्स वाढवू शकतं. वरून पॅरासिटामॉलचा मारा आणि शनिवारची 'बैठक' असं तिन्ही एकत्र झालं तर लिव्हरनं जायचं कुठे?

आयबुप्रोफेन: २०० ते ४०० मिलीग्रॅम, भरल्या पोटीच. अंगदुखी आणि डोकेदुखीवर काहींना हे जास्त लागू पडतं. अल्सर, किडनीचा विकार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं, अ‍ॅस्पिरिननं वाढणारा दमा किंवा गरोदरपण यांतलं काहीही असेल तर स्वतःहून घेऊ नका. नॅप्रॉक्सेन जास्त वेळ टिकतं, म्हणून काही डॉक्टर रात्रीसाठी ते देतात. त्यालाही हीच पथ्यं.

मेडिकलमध्ये "तापाची गोळी द्या" म्हटलं की कधीकधी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी हातात पडते. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. वर आपली ६५० ची वेगळी घेतली की नकळत दुप्पट होतं. मी हे एकदा केलंय, सर्दी झाली होती त्या शनिवारी. तेव्हापासून पट्टीच्या मागे छापलेली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचते.

गोळ्यांनी भागत नसेल तर काही न्यूरोलॉजिस्ट सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी कमी डोसचं स्टेरॉइड देतात. तो निर्णय पूर्णपणे त्यांचा. कोणाच्या उरलेल्या पट्टीतून प्रयोग नकोत.

डोस हळूहळू चढवला आहे ना?

हे पहिल्याच भेटीत विचारायचं असतं, मी विचारलं नव्हतं. इंटरफेरॉन पहिल्या दिवसापासून पूर्ण डोसनं सुरू करायची गरज नसते. आठवड्याच्या इंजेक्शनमध्ये पहिल्या आठवड्याला ७.५ मायक्रोग्रॅम, मग १५, मग २२.५ आणि चौथ्या आठवड्यापासून ३० असं चढवता येतं. बीटा-१बी मध्ये पाव डोसनं सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी पाव-पाव वाढवत सातव्या आठवड्यात पूर्ण डोस येतो. आठवड्यातून तीनदावाल्या ४४ मायक्रोग्रॅमच्या डोसमध्ये आधी ८.८, मग २२, आणि पाचव्या आठवड्यापासून ४४. पेगइंटरफेरॉन ६३, ९४, १२५ अशा तीन पायऱ्यांत.

पण पाव डोस म्हणजे सिरिंजमधलं औषध अंदाजानं बेसिनमध्ये सोडून देणं नव्हे. त्यासाठी खुणा असलेली सिरिंज किंवा वेगळी पॅकं असतात, आणि ते कसं करायचं हे नर्सकडून एकदा हातानं करून बघून शिकावं लागतं. आधीच पूर्ण डोसवर असाल आणि त्रास असह्य असेल, तर "थोडं मागे येऊन पुन्हा चढता येईल का" हा प्रश्न विचारा. स्वतःच मागे येऊ नका.

त्या दिवसाचं खाणंपिणं

पाण्याची गोष्ट आपल्याकडे नाजूक आहे. एमएसमध्ये लघवी धरून ठेवता येत नाही, म्हणून आपण शाळेत, बसमध्ये पाणीच पीत नाही. मी शिकवायला उभी राहायचे ते चार तास कोरड्या घशानं. पण पाणी कमी असलेल्या शरीरात तापाची डोकेदुखी दुप्पट जाणवते, आणि त्यावर आयबुप्रोफेन घेतलं तर किडनीवरही ताण येतो. तोडगा असा: इंजेक्शनच्या दिवशी सकाळपासून दुपारी चारपर्यंत भरपूर पाणी, ताक, लिंबू सरबत, कोकम. संध्याकाळी घोटघोट. रात्री उशाशी एक पेला, घाम येऊन गेल्यावर प्यायला.

रात्रीचं जेवण हलकं, पण उपाशी नाही. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, नाचणीची पेज. तळलेलं खाऊन त्यावर हुडहुडी आली की मळमळ ठरलेली. चतुर्थी किंवा एकादशी इंजेक्शनच्या दिवशी आली तर आयबुप्रोफेन निरंकार पोटी घ्यायचं नाही. सासूबाईंनी यावर स्वतःच निकाल दिला, "साबुदाण्याची खिचडी खा आणि गोळी घे. देवाला कळतं."

सुई टोचताना

इंजेक्शन फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा. गार औषधानं ताप वाढत नाही, पण जागा जास्त झोंबते आणि दुसऱ्या दिवशी अंगदुखीत तिची भर पडते. गरम पाण्यात धरून किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, औषध बिघडतं. साठवण २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला टेकून नाही. गोठलेलं इंजेक्शन टाकूनच द्यायचं. (बीटा-१बी ची पावडर मिसळण्याआधी खोलीच्या तापमानाला चालते, तिचं पत्रक वेगळं वाचा.) जागा बदलत राहा: उजवी मांडी, डावी मांडी. कातडीखालचं असेल तर पोट आणि दंडही. वहीत जागाही लिहा, पंधरा दिवसांनी आठवत नाही.

थंडी वाजते तेव्हा पांघरूण किती

सगळ्या घरांत चूक होते ती इथे. मेंदूतलं बटण वर सरकल्यामुळे अंग तापत असतानाच थंडी वाजते. दोन गोधड्या घातल्या की उष्णता आतच कोंडते आणि ताप जास्त चढतो. साध्या फ्लूत ते खपून जातं, एमएसमध्ये नाही. एक पातळ चादर, पायात मोजे, थंडी ओसरली की चादरही बाजूला. पंखा मंद. ताप १०२ च्या वर गेला तर कोमट पाण्यानं कपाळ, मान, काखा पुसा. बर्फाचं पाणी नको, त्यानं पुन्हा हुडहुडी भरते.

आणि रात्री उठायची वाट मोकळी ठेवा. तापात पाय जड होतात, तोल जातो. शनिवारी आमच्या पॅसेजमधला दिवा चालू असतो, पायपुसणं उचलून ठेवलेलं असतं आणि काठी पलंगाला टेकवलेली असते. बाकी आठवडाभर मला काठी लागत नाही. पहिल्या वर्षी ती घ्यायची लाज वाटायची, बेसिनवर कपाळ आपटलं तेव्हा लाज गेली.

पाय गेला म्हणजे रिलॅप्स (रोगाचा नवा झटका) आला का?

माझ्या पहिल्या रात्रीचं कोडं हेच. १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं नोंदवून ठेवलं होतं की एमएसच्या रुग्णांची दृष्टी व्यायामानं अंग तापल्यावर अंधुक होते आणि निवल्यावर परत येते. आवरण खराब झालेली नस तापली की संदेश नीट पोचवत नाही. म्हणून तापात जुनीच दुखणी डोकं वर काढतात: पूर्वी गेलेला पाय, पूर्वी अंधुक झालेला डोळा, पूर्वीच्या मुंग्या.

ओळखायचं कसं? लक्षण जुनंच आहे, तापाबरोबर आलं आणि ताप उतरल्यावर काही तासांत गेलं, तर तो खोटा झटका. लक्षण नवीन आहे किंवा ताप नसतानाही २४ तासांहून जास्त टिकलं, तर न्यूरोलॉजिस्टला फोन. खोट्या झटक्यासाठी स्टेरॉइडची सलाइन मागू नका. माझ्याबरोबर उपचार सुरू केलेल्या एकीला पहिल्या वर्षात घाबरून दोनदा लावली गेली. मधल्या काळात तिची साखर वाढली ती वेगळीच.

प्रत्येक ताप इंजेक्शनचा नसतो

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सवय झाली की आपण गाफील होतो. आपल्याकडे जून ते नोव्हेंबर डेंग्यू असतो, मलेरिया असतो, लेप्टो असतो. ताप इंजेक्शनच्या दिवशी नसून मधल्याच वारी आला, किंवा इंजेक्शनचा म्हणून सुरू झालेला ताप दुसऱ्या रात्रीही आहे, तर तो दुसरा कोणीतरी आहे. अशा वेळी आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन पूर्ण बंद, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. चालेल ते फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासायचं. तपासणाऱ्या डॉक्टरांना इंटरफेरॉनचं नाव सांगा. या औषधानंही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे रिपोर्ट वाचताना त्यांना ते माहीत हवं.

दुसरा चोर म्हणजे लघवीचा जंतुसंसर्ग. एमएसमध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून तो वारंवार होतो. जळजळ, उग्र वास, ताप आणि पायांचा कडकपणा वाढलेला दिसला की लघवी तपासायला द्या.

ताबडतोब डॉक्टर

डोळे पिवळे, लघवी चहासारखी, अन्न नकोसं, अंगाला खाज: लिव्हर. चेहरा किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं: अ‍ॅलर्जी, १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. सुईची जागा काळी पडणं किंवा पू येणं. लघवी एकदम कमी होणं, अंगावर आपोआप निळे-जांभळे डाग उमटणं. तापाबरोबर मान आखडणं.

आणि मन. इंटरफेरॉनवर काहींना नैराश्य येतं. दर आठवड्याची एक रात्र आजारपणात जाते म्हणून येणारा कंटाळा वेगळा, आणि सगळंच संपवावंसं वाटणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा विचार आला तर घरात सांगा, न्यूरोलॉजिस्टला सांगा, टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. औषध बदलता येतं. आज एमएसवर इंटरफेरॉन हा एकच पर्याय उरलेला नाही. सहा महिने नीट वेळ पाळूनही दर आठवड्याचा दीड दिवस अंथरुणात जात असेल तर वही घेऊन जा आणि दुसऱ्या औषधाविषयी सरळ विचारा. ही तक्रार क्षुल्लक नाही. दर आठवड्याचा दीड दिवस म्हणजे वर्षाचे अठ्ठ्याहत्तर दिवस.

हिमोग्राम आणि लिव्हरच्या तपासण्या सुरुवातीला पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशा. थायरॉइडही अधूनमधून. ताप येत नाही म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत, लिव्हर ताप न देताही बिघडतं.

इंजेक्शन चुकलं तर

लग्नसराई, परीक्षा, गावची जत्रा यांत एखादं राहतं. दोन एकदम घेऊन भरपाई करू नका. राहिलेलं केव्हा घ्यायचं ते प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, पत्रक बघा किंवा फोन करून विचारा. मात्र मोठा खंड पडला तर शरीर सवय विसरतं. तीन वर्षांपूर्वी औषधाचा पुरवठा अडला आणि माझी पाच आठवड्यांची सुट्टी झाली. सहाव्या शनिवारी मी जुन्याच तोऱ्यात पूर्ण डोस घेतला आणि रात्री बाराला दात वाजायला लागले, थेट पहिल्या रात्रीसारखे. ताप १०२.४, वहीत आहे. पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी डोस परत पायऱ्यांनी चढवायला सांगितला असता. पुढच्या शनिवारपासून तसंच केलं, आणि चार आठवड्यांत गाडी रुळावर आली.